चावडीच्या भिंतीतली शिळा

१ जानेवारी जवळ आली की आपल्या वस्तीवस्तीत लगबग सुरू होते. कुणी टेम्पो ठरवतो, कुणी एस.टी.चे बुकिंग करतो, महिला मंडळाच्या भगिनी आदल्या रात्रीच भाकऱ्या आणि सुकी चटणी बांधून ठेवतात. पुणे-नगर रस्त्यावर पेरणे येथे भीमेच्या काठी उभ्या असलेल्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी आपला समाज लाखांनी जातो. परमपूज्य बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले, तेव्हापासून त्या दगडाशी आपले नाते घट्ट झाले. त्या स्तंभाला आज कोणी बेवारस म्हणू शकणार नाही.

पण वाचकहो, याच लेखणीने एक कटू गोष्ट लिहिणेही आवश्यक आहे. पेरण्याला जाऊन डोळे पाणावलेले आपले बांधव मे महिन्यात गावी जातात, तेव्हा गावच्या जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी संगमरवरी शिळा त्यांच्या नजरेस पडत नाही. तिच्यावर निवडणुकीची भित्तिपत्रके चिकटवलेली असतात. कुठे तिच्यावर चुन्याचे पाच-सहा हात चढलेले असतात, कुठे तिच्या खिळ्याला शेळीचे दावे बांधलेले असते. आम्ही अशा शिळा पाहिल्या आहेत. अक्षरे वाचायला आम्हाला हाताने धूळ पुसावी लागली, आणि भोवती जमलेल्या मुलांनी विचारले, ‘काका, हे काय लिहिलंय?’ ज्या गावातून माणसे युद्धावर गेली, त्या गावातील मुलांनाच हे विचारावे लागावे!

ही शिळा काय आहे, ते आधी सांगतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे तेरा लाख माणसे समुद्रापार गेली. त्यांतील चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास परत आली नाहीत. युद्ध संपल्यावर सरकारने ज्या गावांतून माणसे गेली त्यांपैकी अनेक गावांत अशा शिळा बसवल्या. मजकूर जवळजवळ सगळीकडे एकच, बहुधा इंग्रजीत आणि कुठे कुठे मराठीत: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. सातारा जिल्ह्यात, रत्नागिरीत, कोकणच्या डोंगरपट्ट्यात अशा शिळा आजही आहेत. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखले जाते. त्या एका गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. तेथील गावकऱ्यांनी आपले स्मारक जपले आहे, घरटी एक माणूस फौजेत ही परंपराही जपली आहे. त्या गावाचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु प्रत्येक गाव अपशिंगे नाही.

आता त्या शिळेवरचा मजकूर पुन्हा वाचा. ‘इतके लोक गेले, इतके मेले.’ आकडा आहे. नावे नाहीत.

कोण होते हे लोक? कोणाच्या घरचे? मराठा होते, महार होते, मुसलमान होते, की रामोशी? शिळा काहीच सांगत नाही. तिच्या आकड्यात आपल्या आळीतील माणूस आहे की नाही, हे शोधायचे तर ते आज शोधावे लागेल. ज्या म्हाताऱ्यांनी आपल्या आज्याकडून ‘चुलता बसऱ्याला गेला तो आलाच नाही’ असे ऐकले होते, ती शेवटची माणसे आज ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्यामागे विचारायला कोणी राहणार नाही.

नावे का कोरली नाहीत, याची कारणे काहीही असोत, त्यामागची दृष्टी लपत नाही. इराकमध्ये बसरा येथे १९२९ साली उभारलेल्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. त्यात गोऱ्या शिपायांची नावे कोरली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचे नाव आणि पुढे फक्त संख्या! ११० मराठा, १०३ मराठा या पलटणी कूटच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. घोड्यांचे मांस खाण्याची वेळ आली. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो वेढा चालला. त्या मोहिमेत मेलेला सातारा-रत्नागिरीचा शिपाई बसऱ्याच्या भिंतीवर आकडा होऊन राहिला आणि गावच्या चावडीतही आकडाच. १९९७ मध्ये इराक सरकारने ते स्मारक मूळ जागेवरून उचलून वाळवंटात नेऊन ठेवले. तेथे जाऊन फूल वाहणे आपल्यापैकी कोणाच्या नशिबी नाही. चावडीच्या शिळेपर्यंत मात्र कोणीही चालत जाऊ शकतो.

हा प्रश्न आम्हीच उकरून काढतो आहोत असे नाही. युद्धातील मृतांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणारा राष्ट्रकुल युद्धकबर आयोग १९१७ मध्ये स्थापन झाला. सर्व मृतांना सारखा मान, हे त्याचे तत्त्व. एप्रिल २०२१ मध्ये याच आयोगाने नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातील ४५ ते ५४ हजार मृतांना असमान वागणूक मिळाली, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांची नावानिशी किंवा कसलीच नोंद झाली नाही, असे त्यात कबूल केले आहे. हे बहुतेक सारे आफ्रिकेतले, हिंदुस्थानातले, इजिप्तमधले. आयोगाने त्याबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली हे बरे झाले. पण माफीने आपल्या गावच्या शिळेवर नाव उमटत नाही.

पुण्यात राहणाऱ्या बांधवांनी एकदा मुलांना घेऊन खडकीच्या युद्ध दफनभूमीत जावे. दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक कबरी तेथे आहेत. हिरवळ कापलेली, दगड स्वच्छ, प्रत्येक दगडावर नाव, वय, पलटण. सांभाळायचे ठरवले तर स्मारक कसे राहते, हे तेथे दिसते. मात्र एक गोष्ट मुलांना समजावून सांगा. आपल्यातील जो शिपाई मेला त्याला अग्नी दिला गेला. त्याची कबर नाही, त्यावर दगड नाही. त्याच्यासाठी जे काही उरले ते एखाद्या यादीतले नाव आणि गावच्या भिंतीतली ही शिळा.

आपल्या समाजाच्या बाबतीत या शिळेला आणखी एक अर्थ आहे. तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावात कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली आठशेच्या वर शिपाई होते. सुमारे पाचशे पायदळ, बाकी घोडेस्वार आणि दोन तोफांवरचे मद्रासी गोलंदाज. समोर पेशव्यांचे अठ्ठावीस हजारांचे सैन्य, त्यातले सुमारे दोन हजार प्रत्यक्ष गावातील लढाईत उतरले. दिवसभर पाण्याचा थेंब न मिळता ही तुकडी लढली. ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५ जण गमावले. १८२१ साली स्तंभाचा पाया घातला गेला. त्यावर ४९ जणांची नावे आहेत, त्यांत २२ नावे महार शिपायांची. ज्यांना गावात सावलीसुद्धा पाडू देत नव्हते, त्यांची नावे दगडावर कोरली गेली. नावाच्या शेवटी ‘नाक’ असते, त्यावरून ती ओळखू येतात.

त्यानंतर दोन-तीन पिढ्या आपल्या माणसांनी फौजेत काढल्या. फौजेत सक्तीचे शिक्षण होते. महार शिपायाचा मुलगाच नव्हे तर मुलगीही तेथे अक्षर शिकली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला, हे काही केवळ योगायोगाने घडले नाही. कोकणात दापोलीच्या कॅम्पात निवृत्त महार सैनिकांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर याच पेन्शनरांपैकी. त्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. पुढे १८९२ च्या सुमारास सरकारने ‘लढाऊ जमाती’चे खूळ काढून महारांची भरती बंद केली. वलंगकरांनी अर्ज लिहिले, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज लिहिले. सरकार हलले नाही. युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार्स ही पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत ती मोडूनही टाकली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरे काय?

मोडलेल्या पलटणीतून घरी परतलेला तो शिपाई गावात आला तेव्हा पाटलाने त्याला पुन्हा मेलेले ढोर ओढायला बोलावले. त्याने काय केले असेल? काहींनी ओढले. काहींनी नकार दिला. महाडच्या सत्याग्रहात पुढे असलेल्यांत निवृत्त सैनिक होते, हे इतिहासात नोंदलेले आहे. म्हणून आम्ही म्हणतो, चावडीतल्या त्या आकड्यात आपला एक माणूस जरी असेल, तरी ती शिळा आपल्या चळवळीचा पहिला कागद आहे. योगायोग असा की तो कागद त्याच चावडीच्या भिंतीत आहे, जिच्या पायरीवर चढायला आपल्या आज्याला मनाई होती.

बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या टोपीबिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आज त्या जागी खंजीर आहे, मशीनगन तशाच आहेत. ‘यश सिद्धी’ हे तिचे ब्रीद. आज या रेजिमेंटमध्ये देशाच्या सर्व भागांतील आणि सर्व जातींचे जवान आहेत. तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे.

येथे काही सुशिक्षित मित्र आम्हाला अडवतात. म्हणतात, ‘अहो, ही तर इंग्रजांची स्मारके. परक्यासाठी मेलेल्यांचा कसला मान?’ त्यांना आमचे साधे उत्तर आहे. स्तंभ इंग्रजांनी स्वतःच्या विजयासाठी उभारला, शिळा स्वतःच्या साम्राज्याच्या कौतुकासाठी लावली, हे आम्ही नाकारत नाही. परंतु मेलेला माणूस आपल्या घरचा होता. त्याच्या पगारावर कोणाची तरी चूल पेटत होती. साम्राज्य गेले, त्याचे सगळे मुकुट गेले, पण आईचा मुलगा मेला ही गोष्ट कशी जाईल? आणि आणखी एक. कोरेगावच्या स्तंभावर बावीस नावे आपली आहेत, सत्तावीस इतरांची. चावडीच्या आकड्यातही गावच्या सर्व आळ्यांतली माणसे आहेत. शिळा पुसायला गेलात तर ती पूर्ण पुसावी लागेल. आपल्या आळीचा तेवढा भाग धुऊन चालणार नाही. मराठा आळीतील, मोहल्ल्यातील म्हाताऱ्यांनाही विचारायला जा. आमचा अनुभव असा की या एका विषयावर गावातील एरवीचे तट थोडे सैल होतात. पणजोबा एकाच बोटीने गेले होते हे कळल्यावर माणसे चहा विचारतात.

आता नावे कशी शोधायची ते पाहू.

पहिला शोध घरातल्या पत्र्याच्या पेटीत. पहिल्या महायुद्धातील शिपायांना चांदीचे एक गोल पदक मिळाले होते, एका बाजूला राजाचे मुंडके आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा पुरुष. त्याच्या कडेवर, अगदी बारीक अक्षरात, शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. मजूर तुकड्यांत गेलेल्यांना तेच पदक कांस्याचे दिले. धातूतही भेद ठेवला! चांदीची बहुतेक पदके दुष्काळात, मुलीच्या लग्नात सोनाराकडे गेली आणि वितळली. त्याबद्दल त्या माउल्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण सोनाराला नको असलेली कांस्याची पदके अजूनही काही घरांत मुलांच्या खेळण्यात, गोधडीच्या गाठोड्यात सापडतात. सापडले तर चिंच-राखेने घासून लख्ख करू नका. कड झिजली की नाव गेले. कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि कडेवरचे अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घ्या.

पदक नसेल तर पेन्शनचे पुस्तक. विधवेचे पेन्शन असेल तर त्यावर तिच्या अंगठ्याचे ठसे ओळीने असतात. दर खेपेला तालुक्याच्या गावी पायी जाऊन उठवलेला अंगठा. नवऱ्याचे शौर्य कुठे लिहिलेले नसते, पण त्या बाईने पोरे कशी वाढवली ते त्या ठशांत लिहिलेले असते. आजीला विचारताना आजोबाच्या लढाईबरोबर हेही विचारा: तार कोणी वाचून दाखवली, जमीन कोणी कसली, दीर-भावजयींनी काय वागणूक दिली. आमच्या मते हा इतिहास लढाईपेक्षा कमी नाही, आणि तो कोणत्याच शिळेवर येणार नाही.

सरकारी कागदांत गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद, आपल्या लोकांच्या चांगली ओळखीची आहे. जात पडताळणीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात ती आपण शोधलेलीच असते. त्याच उताऱ्याने पणजोबाचे खरे नाव सापडते. येथे एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. जुन्या कागदांत रामनाक, येसनाक, भागनाक अशी नावे असतात आणि आडनाव नसते. पुढच्या पिढीत रामनाकचा रामा झाला, त्याच्या मुलाने गावावरून आडनाव घेतले, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नातवांची नावे बदलली. म्हणून ‘आमच्या आडनावाचा कोणी यादीत नाही’ म्हणून हात हलवत परत येऊ नका. बापाचे नाव आणि गाव या दोन गोष्टी धरून शोध घ्या. युद्धकबर आयोगाच्या यादीत हिंदी शिपायांच्या बऱ्याच नोंदींत बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला आहे. ती यादी आता संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना हे काम सांगा. मात्र गावाचे स्पेलिंग इंग्रजांनी कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले आहे, तेव्हा दहा प्रकारे लिहून पाहावे लागते. निवृत्त सैनिक असलेल्या घरांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करावी. एका कार्यालयात आम्हाला तीनदा हेलपाटा पडला आणि चौथ्या खेपेला एका जुन्या कारकुनाने स्वतःहून कपाट उघडले. माणूस भेटावा लागतो.

शिळेची निगा हा वेगळाच विषय आहे आणि त्यात उत्साहाने होणारे नुकसान दुर्लक्षापेक्षा जास्त असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुंबईकर मंडळाची तरुण मुले गावी येतात, एका दिवसात ‘स्मारक चकाचक’ करायचे ठरवतात आणि संडास धुण्याचे ॲसिड ओततात. संगमरवर हा चुनखडीचा दगड आहे. ॲसिड पडताच तो फसफसतो, म्हणजे तो विरघळत असतो. शंभर वर्षांत पावसाने जेवढे अक्षर खाल्ले नाही तेवढे अर्ध्या तासात जाते. तारेचा ब्रश, वाळू, वीटकर, धुण्याचा सोडा हेही नको. साधे स्वच्छ पाणी, भरपूर पाणी, आणि मऊ ब्रश. अक्षरांच्या खाचांसाठी जुना दात घासायचा ब्रश उत्तम. शेवाळ आधी भिजवून ठेवावे आणि बांबूच्या किंवा लाकडाच्या काडीने हलक्या हाताने काढावे, चाकूने नाही. चुन्याचे थर असतील तर ते घाईने खरवडू नयेत. थर पापुद्र्यासारखे सुटतात तेवढेच सोडवावेत, बाकीचे जाणत्या माणसाला दाखवावे. दगड भेगाळलेला असेल, खपल्या निघत असतील, तर त्याला हातच लावू नका. फोटो काढा आणि पावसापासून आडोसा करा.

अक्षरे पुसट असतील तर ऑइल पेंटने रंगवण्याचा मोह होतो. तो टाळा. रंगारी नेहमी इंग्रजी जाणतो असे नाही. तो आपल्या समजुतीने ३ चा ८ करतो, आणि पुढच्या पिढीला तीनऐवजी आठ माणसे मेल्याचे कळते. त्यापेक्षा संध्याकाळी अंधार पडल्यावर एका बाजूने तिरपा बॅटरीचा झोत टाका. दिवसा न दिसणारी अक्षरे सावलीत उठून दिसतात. दगड पक्का असेल तर त्यावर पातळ कागद धरून मुलांच्या रंगीत खडूने हलके घासले की मजकूर कागदावर उतरतो. मुलांना यात फार मजा वाटते, आणि जे हाताने उतरवले ते ती विसरत नाहीत.

स्मारकाच्या चौथऱ्यात पिंपळ उगवलेला असतो, ही नेहमीची गोष्ट. येथे आपल्या माता-भगिनी थबकतात, कारण ज्या वृक्षाखाली तथागतांना बोधी प्राप्त झाली तो वृक्ष कसा तोडायचा? तोडू नका. पण राहूही देऊ नका, कारण त्याची मुळी चिऱ्यांत शिरली की पाच-सात वर्षांत चौथरा दुभंगतो. रोप हातभर असतानाच पावसाळ्यात, माती ओली असताना, मुळासकट अलगद सोडवा आणि विहाराच्या आवारात लावा. मोठे झाले असेल तर मुळ्या उपटू नका, ओढताना दगडही सुटतो. जाणत्या गवंड्याला विचारूनच काय ते करा.

मेणबत्ती आणि हाराबद्दलही दोन शब्द. शिळेच्या कडेला थेट मेणबत्ती चिकटवली की मेण दगडात मुरते आणि धुराचा काळा पट्टा कायमचा बसतो. तेलाचा दिवा तर संगमरवराचा वैरी आहे. फुलांचा रंग पाण्यात उतरून डाग पडतात. समोर एखादा पाट किंवा ताट ठेवून त्यावर मेणबत्ती लावावी, फुले वाहावीत, आणि दुसऱ्या दिवशी उचलावीत. पेरण्यालाही हेच लागू आहे. १ जानेवारीच्या रात्री तेथील रस्त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि पत्रावळींचा जो खच पडतो, तो उचलणारे हातही बहुधा आपल्याच समाजातील सफाई कामगारांचे असतात. १ जानेवारी २०१८ रोजी तेथे आलेल्या आपल्या लोकांवर हल्ले झाले, गाड्या जाळल्या गेल्या, तरी पुढच्या वर्षी आपली माणसे अधिक संख्येने आणि शांतपणे गेली. एवढी शिस्त ज्यांना जमते, त्यांना एक पिशवी सोबत नेऊन आपला कचरा परत आणणे जड नाही.

जुनी शिळा काढून तेथे चकचकीत काळे ग्रॅनाइट बसवायचे, ही अलीकडची नवी साथ आहे. त्यावर वीरांना दोन ओळी, आणि खाली देणगीदार, सरपंच, सभापती, आमदार यांची नावे दहा ओळींत, सोनेरी अक्षरांत! नवीन फलक हवाच असेल तर जरूर लावा, उलट शोधून काढलेली नावे लिहिण्यासाठी तो लागणारच आहे. पण तो जुन्या शिळेच्या शेजारी लावा. जुनी शिळा जागची हलवू नका. इमारत पाडली जात असेल, आणि जुन्या चावड्या व शाळा आता भराभर पाडल्या जात आहेत, तर ठेकेदार राडारोडा भरण्याच्या आधी ग्रामसभेत ठराव करून घ्या की शिळा सुरक्षित काढून नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीत बसवावी. ठराव लेखी हवा. तोंडी आश्वासनावर गेलेल्या शिळा पायाच्या भरावात गेल्या आहेत. स्मारक पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेले असेल तर मात्र परवानगीशिवाय त्याला काहीही करता येत नाही, झाडलोट सोडून.

स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांचे पुतळे आणि चौक तरी धड आहेत काय? नाईक कृष्णा सोनवणे यांना ६ फेब्रुवारी १९४८ च्या नौशेराच्या लढाईतील पराक्रमासाठी महावीर चक्र मिळाले. महार रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे ते मशीनगनवाले. आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत वीरमरण आले आणि परमवीर चक्र मिळाले. आपल्या घरात किती मुलांना ही दोन नावे माहीत आहेत, हे आज रात्री जेवताना विचारून पाहा. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर, जे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले, स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे कोरली आहेत, एकेका विटेवर एकेक. तेथे कोणी आकडा होऊन राहिलेला नाही. पण त्याच जवानाच्या नावाची गावच्या फाट्यावरची कमान गंजते, पाटीवरचे अर्धे नाव उडते, आणि एस.टी.चा कंडक्टर जुन्याच नावाने फाटा पुकारतो. त्याची आई अजून त्या गावात असते. तिला पाटी वाचता येत नसेल, पण नाव उडाले आहे हे तिला दिसते.

येत्या वैशाख पौर्णिमेला बरीच कुटुंबे गावी जातील. जयंतीची मिरवणूक, खीरदान, नवरा-नवरीचे मुहूर्त यांतून एक सकाळ काढावी, ही आमची विनंती. चावडीत, शाळेत, जुन्या धर्मशाळेत, तालुक्याच्या कचेरीत शिळा आहे काय ते पाहावे. असेल तर मजकूर जसा आहे तसा, चुकांसकट, उतरवून घ्यावा. गाव, तालुका, जिल्हा, शिळा कशात बसवली आहे, दगड कोणता, मोडतोड काय, एवढे लिहावे. आकड्यातील एखाद्या माणसाचे नाव कळले तर ते कोणी सांगितले, सांगणाऱ्याचे वय काय आणि त्याने कोणाकडून ऐकले, हेही लिहावे. ऐकीव असेल तर ऐकीव असे स्पष्ट लिहावे. कुटुंबाची संमती असेल तरच नाव छापले जाईल. पदके किंवा मूळ कागद टपालाने पाठवू नयेत, ते घरातच राहू द्यावेत. झेरॉक्स किंवा फोटो पुरे. पोस्टकार्डावर मावले तर पोस्टकार्डही चालेल, आमच्या कार्यालयाचा पत्ता शेवटच्या पानावर खाली आहे.